पांढऱ्या टोपीखालची बायको

“आज तुम्हाला एकच काम आहे,” हातापायांना व्हॅसलीन चोपडत बाई म्हणाल्या. “दर अर्ध्या तासानं मला पेला द्यायचा. बाकी काही नाही. नकाशा काढायचा नाही, भाषण द्यायचं नाही आणि नावाड्याला नाव कशी चालवायची ते शिकवायचं नाही.”

“मी काय आज पहिल्यांदा नावेत बसतोय?” मास्तर म्हणाले.

“हो.”

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. जगातले सगळे समुद्र त्यांना तोंडपाठ होते, पण पाण्याशी प्रत्यक्ष संबंध बादलीपुरता. बाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या आणि उरलेल्या वेळात पोहायच्या. दर वर्षी शर्यतीला त्यांचा धाकटा भाऊ नावेत बसायचा. यंदा त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, आणि यंदाचीच शर्यत बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची होती. नेमकं त्याच वर्षी असं कसं होतं, हे कुणी विचारू नये. होतं.

धरणाच्या जलाशयात गेल्या वर्षापर्यंत पोहण्याच्या दोन शर्यती व्हायच्या. पुरुषांना सोळा किलोमीटर आणि निळ्या टोप्या, बायकांना आठ किलोमीटर आणि गुलाबी टोप्या. गेल्या वर्षी बाई बायकांत पहिल्या आल्या, काठावर चढल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, “आत्ता कुठं अंग मोकळं व्हायला लागलं होतं. संपली पण?” मग वर्षभर त्या पोहण्याच्या समितीच्या मानगुटीवर बसल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पळण्यात पुरुष पुढे असतील, वजन उचलण्यात असतील, असू देत बापडे. पण लांबच्या पोहण्यात जसजसं अंतर वाढतं तसतशी ताकद मागे पडते आणि चिकाटी पुढे येते. तिथं चांगली पोहणारी बाई चांगल्या पोहणाऱ्या पुरुषाला घाम फोडते. तेव्हा शर्यत एक ठेवा आणि कपही एकच ठेवा.

अध्यक्ष अगदी जेरीला आले. “बरं बाई, एक वर्ष करून बघू,” ते म्हणाले. “पण पहिल्या तिघांत एकही बाई आली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा आठ किलोमीटर. मंजूर?”

“मंजूर. आणि टोप्या सगळ्यांना एकाच रंगाच्या.”

“एकाच रंगाच्या!” अध्यक्ष ओरडले. “पांढऱ्याफेक! झालं समाधान?”

बाईंचं समाधान झालं. पुढचा सगळा गोंधळ या समाधानातून निघाला.

सकाळी सहाला एकतीस जण पाण्यात उतरले. त्यांत चार बायका. एकतीस पांढऱ्या टोप्या, एकतीस काळे पोशाख, एकतीस गॉगल आणि व्हॅसलीननं पांढरे फटक पडलेले एकतीस चेहरे. प्रत्येकाच्या टोपीवर आणि दंडावर समितीनं पेनानं आकडा घातला होता. फक्त तो पेन समितीच्या खोलीतला, पांढऱ्या फळ्यावर लिहायचा होता. फळ्यावरचं लिहिलेलं ओल्या फडक्यानं पुसतात, हे समितीतल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत सगळे आकडे जलाशयात विरघळले.

पहिला एक किलोमीटर सगळे घोळक्यानं पोहायचे. तिथं एक नारिंगी पिंप तरंगत होतं आणि नावा त्याच्यापाशी थांबलेल्या होत्या. आपापला माणूस ओळखायचा, नाव त्याच्या बाजूला लावायची आणि शेवटपर्यंत त्याच्यासोबत जायचं, अशी पद्धत. नियम दोनच, पण कडक. पोहणाऱ्याचा नावेला किंवा नावेतल्या माणसाचा पोहणाऱ्याला हात लागला की तो बाद. आणि पिंपानंतर पाच मिनिटांहून जास्त वेळ नावेशिवाय दिसला, तरी बाहेर. त्यामुळे पेला लांब काठीच्या टोकाला अडकवून द्यावा लागे.

“मास्तर, ओळखाल ना?” घोळका जवळ आला तसा नावाड्यानं विचारलं.

“बावीस वर्षांचा संसार आहे माझा,” मास्तर म्हणाले. “ती बघ. ती आपली.”

“कशावरून?”

“कशावरून काय! सगळ्यांच्या पुढे आहे, म्हणजे तीच.”

बायकोवर इतका विश्वास असलेला नवरा शोधून सापडायचा नाही, हे मान्यच केलं पाहिजे. फक्त सगळ्यांच्या पुढे होता तो बंब. अग्निशमन दलातला हा जवान गेली तीन वर्षं ही शर्यत मारत होता. खांदे असे रुंद की बंब हे नाव त्याला त्याच्याच लोकांनी दिलं होतं. बाई त्याच्या मागे वीस हातांवर, दुसऱ्या होत्या.

बंबाच्या नावेत बंबाची आई बसली होती. मास्तरांची नाव झपाझप पुढच्या माणसापाशी गेलेली तिनं बघितली. तिनं हिशेब केला तो अगदी बिनचूक होता: नवरा स्वतःच्या बायकोपाशीच जाणार, म्हणजे पुढची ती बाई. मग मागे उरला तो आपला पोरगा. “मेल्या, एका बाईच्या मागे?” असं म्हणत तिनं नाव बाईंच्या बाजूला घ्यायला लावली.

अर्ध्या तासानं मास्तरांनी घड्याळ बघून काठी पुढे केली. “घे गं. केळं कुस्करून घातलंय, मीठ-साखर बरोबर आहे. दमली नाहीस ना?”

बंबानं मान वर केली आणि समोर परका माणूस बघून तो चार घोट पाणी प्याला. ‘अहो, मी तुमची ती नव्हे’ असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर हे नाव वळवून निघून जाणार. आपली नाव कुठं आहे देव जाणे. पाच मिनिटांत समितीवाले आपल्याला पाण्याबाहेर काढणार. बंबानं पेला घेतला, आवाज होईल तेवढा बारीक केला आणि म्हणाला, “हं.”

इकडे बाईंच्या कानावर पहिल्यांदा “राजा, चहा घे” असं आलं, तेव्हा त्यांचीही तीच गत झाली. एक परकी म्हातारी काठीला कप अडकवून बसली होती. खरं बोलावं तर शर्यत गेली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आठ किलोमीटर. बाईंनी आवाज जाडा केला आणि म्हणाल्या, “हं.”

बाईंनी बजावलेलं सगळं विसरून मास्तरांनी होकायंत्र बाहेर काढलं होतं. मांडीवर नकाशा, हातात घड्याळ, गळ्यात दुर्बीण. नजर त्यातून वर येईल तर शपथ. नावाडी मात्र डोळस होता. तो बराच वेळ चुळबुळत राहिला आणि शेवटी म्हणाला, “मास्तर, बाईंच्या हातांवर केस लई दिसतात.”

“प्रयोगशाळेत काम करते. औषधांचा परिणाम,” मास्तर वर न बघता म्हणाले.

“आणि मान जरा...”

“व्यायाम आहे तिला. तू नाव बघ.”

नावाड्यानं नाव बघितली. नवराबायकोच्या मधे पडू नये, हे त्याला कळत होतं.

दुसऱ्या तासाला मास्तरांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. बायको समोर आहे, तिला आपलं बोलणं ऐकू जातंय आणि तिला उलट बोलता येत नाही. बावीस वर्षांत असा योग आला नव्हता. मास्तर नावेच्या कडेला सरकले, घसा खाकरला आणि मनात साठलेलं एकेक बाहेर काढू लागले. बंब निमूटपणे हात मारत होता. दर थोड्या वेळानं कान पाण्याबाहेर येई तेव्हा एकेक तुकडा त्याच्या कानात पडे. लग्न न झालेल्या माणसाला एवढी माहिती बाधते, पण करतो काय?

तिकडे बाईंची निराळीच परीक्षा चालली होती. बंबाच्या आईला अर्धा तास वगैरे कळत नव्हतं. दर दहा मिनिटांनी चहा आणि चहाबरोबर मुलगी. “डाकघरातली आहे बघ. उंच आहे, शांत आहे. फोटो बघितलास ना तू? कशी वाटली?” बाई म्हणाल्या, “हं.” “मग होकार कळवू?” त्या वेळी बाईंच्या तोंडात बिस्किट होतं. त्या पुन्हा “हं” म्हणाल्या. म्हातारीनं आनंदानं डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला, तशी बाईंनी जिवाच्या आकांतानं बुडी मारली. हात लागला असता तर सगळंच संपलं असतं. यानंतर दर कपाला हात पुढे आला आणि दर कपाला बाईंना बुडी मारावी लागली.

चौदाव्या किलोमीटरला दोन्ही नावा जवळजवळ आल्या. पाण्यात दोन पांढऱ्या टोप्या शेजारी शेजारी वर आल्या. बाईंनी बंबाकडे बघितलं, पलीकडे आपल्या नवऱ्याकडे बघितलं. बंबानं बाईंकडे बघितलं, मग आपल्या आईकडे. दोघांना सगळं कळलं आणि दोघांनीही निमूट माना पाण्यात घातल्या. आता बोलण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

बोलले ते मास्तर. प्रतिस्पर्धी शेजारी आलेला बघून त्यांना जोर चढला. “ओढ, ओढ! तो बंब बघ शेजारी! जीव नाही राहिला त्याच्यात!” ते बाईंकडे बोट करून ओरडले. “कसा फतकल मारल्यासारखा पोहतोय! गालफडं बघ! म्हातारा झाला मेला! तुझ्या पासंगालाही पुरायचा नाही!”

बाईंनी हे शब्दन्‌शब्द ऐकलं. त्यांच्या अंगात चार तासांची दमणूक होती, पण हे ऐकल्यावर ती कुठल्या कुठं पळाली. पाणी असं उसळलं की मास्तरांचा नकाशा भिजला. बंबानंही कसूर केली नाही. शेवटचे दोन किलोमीटर दोघं असे काही पोहले की काठावरचे लोक उभे राहिले. बारा सेकंदांच्या फरकानं बाईंनी काठाची दोरी पकडली. बंब दुसरा आला.

आणि मास्तरांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. हरली! बिचारी हरली! एवढं वर्ष राबली आणि बारा सेकंदांनी गेलं. तेवढ्यात त्यांना आठवलं. मधे एकदा दुर्बिणीतून दुसऱ्या नावेकडे बघितलं होतं, तेव्हा ती म्हातारी पोराच्या डोक्यावरून हात फिरवताना दिसली होती! नाव धक्क्याला लागायच्या आत मास्तरांनी उडी मारली, पाण्यात पडले, उठले आणि चपला हातात घेऊन समितीच्या खोलीत घुसले.

“हरकत!” ते ओरडले. “पहिल्या आलेल्या स्पर्धकाला नावेतून हात लावला. मी स्वतः बघितलंय.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. पहिलं कोण आलंय हे त्यांना दोन मिनिटांपूर्वीच कळलं होतं आणि तेव्हापासून त्यांचं तोंड कडू झालं होतं. “मास्तर, पहिला आलेला स्पर्धक बाद करा, असंच म्हणताय ना तुम्ही?”

“असंच म्हणतोय.”

“नीट विचार करा. घरी विचारलंय का?”

“न्यायाच्या कामात घर कुठं आलं?”

“वा!” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं छापील कागद पुढे सरकवला. मास्तरांनी सुंदर अक्षरात सगळं लिहिलं. दोनशे मीटरवरून, दुर्बिणीतून, डोक्यावर हात, स्वच्छ प्रकाश. खाली सही केली. अध्यक्षांनी शिक्का इतक्या उत्साहानं मारला की टेबल हललं. बाकीच्या तिघी बायका अजून बऱ्याच मागे होत्या. बाई बाद झाल्या की पहिल्या तिघांत बाई नाही. अध्यक्षांना गुलाबी टोप्या आत्ताच दिसायला लागल्या.

मास्तर बाहेर आले तर समोर टॉवेल गुंडाळून बाई उभ्या.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” मास्तर हळुवारपणे म्हणाले. “दुसरी आलीस म्हणून काय झालं? त्या बंबाला मी आत्ता बाद करून आलोय. आता पहिली तूच.”

“अहो, पहिली मीच आले.”

मास्तरांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. “मग दुसरं कोण आलं?”

“मी, मास्तर,” मागून जाडा आवाज आला. “चार तास तुमची बायको होतो तो.”

बाईंनी बंबाला वरपासून खालपर्यंत बघितलं. ते खांदे, ती मान, ते केसाळ दंड. मग नवऱ्याकडे वळल्या. “यात तुम्हाला मी दिसले?”

“अगं, पाण्यात नुसतं डोकं दिसतं...”

“आणि माझ्याकडे बघून गालफडं म्हणालात?”

तेवढ्यात बंबाची आई येऊन पोचली. “राजा, डाकघरवाल्यांना होकार कळवून टाकला हो!” ती म्हणाली. बंब मटकन पायरीवर बसला. पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मास्तरांनी काय करून ठेवलंय हे आत्ता कुठं बाईंना कळलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मास्तर तसेच आत पळाले.

“साहेब, हरकत मागे घेतो!”

“शिक्का बसलाय, मास्तर,” अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. “आता चौकशी होणार.”

चौकशीला अध्यक्ष आणि समितीचे दोन सभासद बसले. नावा बदलल्याबद्दल नियमात काहीच नव्हतं. स्पर्धकाजवळ नाव हवी एवढंच लिहिलं होतं, कुणाची ते लिहिलं नव्हतं. प्रश्न हात लागल्याचा होता.

“हात पुढे आला. मी दर वेळी बुडी मारली,” बाई म्हणाल्या.

“खरं आहे,” म्हातारी म्हणाली. “मला वाटलं कार्टा रुसलाय. एकदा शिवू देईल तर शपथ.”

“तुम्ही दोघी संबंधित आहात,” अध्यक्ष म्हणाले. “त्रयस्थ साक्षीदार एकच. मास्तर, तुम्ही हात लागताना बघितलंत, हो की नाही? लेखी दिलंय तुम्ही.”

“अंतर फार होतं...”

“दुर्बीण होती. स्वच्छ प्रकाश, असं लिहिलंय.”

विद्यार्थ्यांना खोटं बोलू नका म्हणून आयुष्यभर सांगितलेलं! मास्तर बाईंकडे बघू लागले. बाई उठून उभ्या राहिल्या.

“साहेब, यांनी काय बघितलं ते नंतर विचारा. यांना दिसतं किती, ते आधी विचारा. हा माणूस चार तास, तीन हातांवरून, याला,” त्यांनी बंबाकडे बोट केलं, “बायको समजत होता.”

एक सभासद फस्सकन हसला. अध्यक्ष रागावले. “पुरावा काय? बायकोला वाचवायला आता काहीही सांगतील!”

“पुरावा आहे ना,” पायरीवरून उठून आलेला बंब म्हणाला. “मास्तर, माफ करा हं. दुसऱ्या तासाला यांनी सांगितलं, काचेची फुलदाणी मांजरानं नाही, मीच फोडली. मग सांगितलं, सुट्टीत तुझ्या बहिणीला येऊ नका म्हणून मीच कळवलं, घराला रंग वगैरे काही लावायचा नव्हता.”

“अगं बाई!” बाई म्हणाल्या. मास्तर खुर्चीत खाली खाली चालले होते.

“अजून एक सांगितलं. पण ते राहू दे,” बंब म्हणाला.

“नाही, सांगच,” बाई म्हणाल्या.

बंब घुटमळला. “म्हणाले, तू पाण्यात उतरलीस की माझ्या पोटात गोळा येतो. मला पाण्याकडे बघवत नाही. म्हणून मी घड्याळाकडे बघत बसतो, तू उगाच वेंधळा म्हणतेस. ताई, यांनी चार तास धड मान वर केली नाही. केली असती तर मी पहिल्या पेल्यालाच सापडलो असतो.”

बाईंना भडभडून आलं. त्यांनी केस पुसायचं निमित्त करून टॉवेल तोंडावर घेतला. मग टॉवेल काढला आणि म्हणाल्या, “तरी गालफडांचं मी विसरणार नाही.”

“तुमचं काय म्हणणं आहे?” दुसऱ्या सभासदानं बंबाला विचारलं. “हरकत मान्य झाली तर कप तुम्हाला जातो. तुम्हाला हात लागलेला दिसला का?”

“मी त्या वेळी दुसऱ्याची बायको होतो, साहेब. इकडे तिकडे कसं बघणार?” बंब म्हणाला. “त्या माझ्या पुढे गेल्या. मी सगळा जोर लावला होता, तरी गेल्या. कप त्यांचा.”

दोन विरुद्ध एक मतांनी निकाल लागला आणि लिहायची वेळ अध्यक्षांवरच आली. त्यांनी दात-ओठ खात लिहिलं: ‘साक्षीदारास तीन हातांवरून स्वतःची पत्नी ओळखता येत नाही, हे सिद्ध झाले. सबब दोनशे मीटरवरून त्याने पाहिलेले काहीही ग्राह्य धरता येत नाही. हरकत फेटाळली. शर्यत पुढील वर्षीही एकच राहील.’ खाली ‘साक्षीदारास मान्य’ अशी ओळ होती. मास्तरांनी तिथं सही केली. आयुष्यात इतक्या आनंदानं त्यांनी स्वतःची अब्रू घालवली नव्हती.

बाईंनी निकालाची एक प्रत मागून घेतली, घरी आणली आणि चौकट करून कपाच्या शेजारी भिंतीवर टांगली. आलेल्या प्रत्येकाला त्या चहा देतात आणि आधी कागद वाचायला लावतात. बंबाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन त्याची आई आली, तिनं तर तो दोनदा वाचून घेतला.

“आता तरी काढ ना तो कागद,” ती गेल्यावर मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले. “नुसता कप राहू दे. शोभून दिसतो.”

“जागा हवी असेल तर कप काढा,” बाई पोहायची पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. “कप काय, दर वर्षी मिळेल.”